पूनावाला स्टड फार्म
पुणे येथील थरोब्रेड घोड्यांचे खाजगी पैदास केंद्र. स्थापना १९४६, संस्थापक सोली पूनावाला. बंगळूरजवळील कुणिगलची पागा परंपरेने टिपू सुलतानच्या घोडदळाशी जोडली जाते. पुण्याचे हे केंद्र मात्र आरंभापासून शर्यतींसाठीच होते.

पार्श्वभूमी : पुण्यातील शर्यती लष्करी छावणीबरोबर आल्या. वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब १९२५ मध्ये स्थापन झाला आणि १९३५ मध्ये त्याला ‘रॉयल’ उपाधी मिळाली. पहिली इंडियन डर्बी १९४३ साली मुंबईत धावली. बडोद्याच्या महाराजांची ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ ही घोडी तीत पहिली आली.

पैदास : सर्व थरोब्रेड घोड्यांचा पितृवंश बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन व गोडॉल्फिन अरेबियन या तीन घोड्यांपर्यंत जातो. कृत्रिम रेतनाने झालेल्या शिंगराची वंशनोंद होत नाही. घोडी घोड्याला प्रत्यक्ष दाखवावीच लागते. गर्भकाळ सुमारे ११ महिने. वय १ जानेवारीपासून मोजतात, म्हणून डिसेंबरअखेर जन्मलेले शिंगरू दोन-चार दिवसांतच कागदोपत्री एक वर्षाचे ठरते. हे टाळण्यासाठी घोड्या वर्षारंभी व्याव्यात असे वेळापत्रक आखले जाते. बाहेरून आणलेल्या पैदाशी घोड्यांत प्लेसरव्हिल (रॉयल अ‍ॅस्कट येथील प्रिन्स ऑफ वेल्स स्टेक्सचा १९९३ चा विजेता, जनक मिस्टर प्रॉस्पेक्टर) उल्लेखनीय.

रक्तरस-निर्मिती : या केंद्राचे वैद्यकीय महत्त्व शर्यतींहून मोठे आहे. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे येथून मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जात. तेथे घोड्याला धनुर्वाताचे निष्प्रभ केलेले विष किंवा सापाचे विष अत्यल्प मात्रेपासून सुरुवात करून वाढत्या मात्रेने टोचीत. काही आठवड्यांत रक्तात पुरेशी प्रतिपिंडे तयार झाली की मानेच्या शिरेतून रक्त काढीत. भांड्यात लाल पेशी तळाशी बसतात आणि वर पिवळसर द्रव, म्हणजे रक्तरस, उरतो. तो शुद्ध करून कुप्यांत भरतात. आधुनिक पद्धतीत लाल पेशी घोड्याला परत देतात, त्यामुळे तो लवकर सावरतो. एका वेळी काही लिटर रक्त देऊ शकणारे मोठे, निरोगी जनावर या कामी लागते. पळण्याच्या कामातून गेलेला घोडा येथे उपयोगी ठरतो.

सोलींचे पुत्र सायरस पूनावाला (जन्म १९४१) यांना समाजवादी धोरणांच्या काळात शर्यतींच्या धंद्याला भवितव्य दिसत नव्हते. घोडे आपले, मग रक्तरसही आपणच का करू नये, हा विचार एका पशुवैद्याशी झालेल्या बोलण्यातून सुचला, असे सांगतात. सर्पदंश झालेल्या घोड्याला वेळेवर प्रतिविष मिळाले नाही, या प्रसंगाशीही त्याचा संबंध जोडला जातो. काही घोडे विकून भांडवल उभे राहिले आणि १९६६ मध्ये हडपसर येथे सिरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची स्थापना झाली. सुरुवातीचे उत्पादन धनुर्वातविरोधी रक्तरसाचे होते. पुढे सर्पविषविरोधी रक्तरस, त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) आणि गोवराची लस आली. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली व संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांना लसपुरवठा खुला झाला. लशी जीवाणू-विषाणूंच्या संवर्धनातून बनत असल्याने संस्थेच्या पुढील वाढीत घोड्यांचा वाटा घटत गेला.

शर्यती : येथे पैदास झालेल्या ‘जॅकलीन’ या घोडीने २०१० ची इंडियन डर्बी जिंकली. महालक्ष्मीवरील ‘पूनावाला ब्रीडर्स मल्टी-मिलियन’ ही शर्यत याच घराण्याच्या नावाची.

सन्मान : सायरस पूनावाला – पद्मश्री (२००५), पद्मभूषण (२०२२).

(पहा : थरोब्रेड, प्रतिविषे, हाफकिन संस्था.)