दारातली शुद्धलेखनाची परीक्षा

गोदाकाठच्या सायखेड्यातून शिकून बाहेर पडलेला एखादा इंजिनिअर इंग्लंडला गेला आणि पुढे तिथेच कायम राहावे असे त्याने ठरवले, तर इंग्रजी येत असल्याचा दाखला देऊन भागत नाही. त्या देशाची माहिती विचारणारी आणखी एक परीक्षा द्यावी लागते. २००५ मध्ये ती नागरिकत्वासाठी सुरू झाली आणि एप्रिल २००७ पासून कायम वास्तव्यासाठीही लागू झाली. प्रश्न २४, वेळ ४५ मिनिटे, बरोबर उत्तरे हवीत १८. राजे-राण्या, पार्लमेंट, कायदे, सणवार सारे त्यात येते. पुस्तक विकत मिळते, नापास झाल्यास पुन्हा बसता येते. आपली मुले घोकून पास होतात.

पण श्रोतेहो, भाषेची परीक्षा घेऊन परक्याला दारात अडवण्याची रीत जुनी आहे, आणि तिची पहिली झळ बसलेल्यांत आपलीच माणसे होती.

डिसेंबर १८९६ मध्ये 'कूरलँड' आणि 'नादेरी' ही मुंबईहून सुटलेली जहाजे दरबानला पोहोचली. मुंबईत प्लेग होता. ते निमित्त करून शेकडो उतारूंना तीन आठवड्यांहून अधिक काळ जहाजावरच डांबले. त्यांत गांधीजी होते. १३ जानेवारी १८९७ ला ते उतरले तेव्हा गोऱ्या जमावाने त्यांना मारहाण केली. त्याच वर्षी नाताळ सरकारने कायदा केला. त्यात हिंदी माणसाचे नाव कुठेही नव्हते! येणाऱ्याने एका युरोपीय भाषेत अर्ज लिहावा, एवढेच. मोडीत झरझर हिशेब लिहिणारा कारकून किंवा गुजराती वह्या ठेवणारा व्यापारी या कायद्याच्या लेखी निरक्षर ठरला. चलाखी अशी, की कोणाचा रंग काढला असे म्हणायलाही जागा नाही. वसाहतमंत्री चेंबरलेन यांनी लंडनला जमलेल्या वसाहतींच्या प्रधानांपुढे हाच नमुना ठेवला.

ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्ये तो आणखी धारदार केला. पन्नास शब्दांचे शुद्धलेखन, आणि भाषा निवडणार अधिकारी! एगॉन किश हा लेखक बहुभाषी होता, म्हणून १९३४ मध्ये त्याला स्कॉटलंडची गेलिक घातली. कोर्टाने ते उडवून लावले. ही परीक्षा गेली ती १९५८ मध्ये.

याच दक्षिण आफ्रिकेत १९१२ मध्ये नामदार गोखले गेले. त्यांचे इंग्रजी ऐकून गोरेही चकित होत. परंतु जोहान्सबर्गला कोकणी मुसलमान आणि काही मराठी हिंदू होते, त्यांना मराठी ऐकायचे होते. गांधीजी म्हणाले, तुम्ही मराठीत बोला, मी हिंदुस्थानी करून सांगतो. गोखल्यांनी त्यांच्या मराठीची थट्टा केली. पण मग अशा सभांतून, थेट झांजिबारपर्यंत, ते मराठीतच बोलले.