मोती पिकू द्या



मी डॉक्टर नव्हे आणि वैद्यही नव्हे. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते मोंढ्यातल्या पोत्यांवर बसून आणि युनियनच्या कचेरीतल्या दिव्याखाली. मग नेत्रवैद्यकाच्या इतिहासावर बोलण्याचा मला अधिकार काय, असे कोणी विचारील. माझे उत्तर एवढेच की, ज्याचे पोट पाठीवर चालते त्यालाही ट्रकला लावलेली फळी दिसावी लागते.

परभणी-परळी लोहमार्गावर पोखर्णी नावाचे गाव आहे. तिथल्या नृसिंहाच्या देवस्थानामुळे स्टेशनचे नावही पोखर्णी नृसिंह असेच पडले आहे. त्या गावचे एक हमाल आमच्या युनियनचे सभासद. साखरेचा आजार त्यांना ठाऊक होता, पण त्यांनी तो कधी मनावर घेतला नव्हता. एके दिवशी फळीवरून त्यांचा पाय चुकला. विचारले तेव्हा म्हणाले, "उजव्या डोळ्याम्होरं जाळं आलंय, भाऊ. मोती असंल. पिकला की काढून घेतो." हा सल्ला त्यांना आईने दिला होता, शेजाऱ्यांनी दिला होता आणि एका दवाखान्यात खिडकीवर बसलेल्या गृहस्थानेही दिला होता. दीड वर्ष ते मोती पिकण्याची वाट पाहत राहिले. वास्तविक मोती नव्हताच. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर मधुमेहाने रक्त उतरले होते आणि भिंतीचा गिलावा सुटावा तसा तो पडदा सुटला होता. डॉक्टरांनी तपासून मान हलवली.

तेव्हापासून "पिकू द्या" हे दोन शब्द माझ्या डोक्यात घोळत आहेत. हा सल्ला काढला कोणी? तो अडाणीपणाचा म्हणावा, तर मोठमोठ्या वैद्यांनी तो शतकानुशतके दिलेला आहे. रोममध्ये पहिल्या शतकात सेल्ससने मोतीबिंदू पुरता घट्ट होईपर्यंत थांबावे असे लिहून ठेवले. आणि त्या काळी ते बरोबरच होते.

कारण त्या काळी मोतीबिंदू डोळ्याबाहेर काढीतच नसत, तो आत ढकलून देत. आपल्याकडे सुश्रुताच्या उत्तरतंत्रात ही क्रिया बारकाईने सांगितली आहे. उजवा डोळा असेल तर वैद्याने डावा हात वापरावा आणि डावा असेल तर उजवा. जवाच्या टोकासारख्या अग्राची शलाका पांढऱ्या भागातून घालावी. नंतर तुपाची पट्टी बांधून रोग्याने उताणे पडावे. शिंकू नये, खोकू नये, ढेकर देऊ नये. गढूळ झालेले भिंग बाहुलीसमोरून खाली बसले की उजेडाची वाट मोकळी होई. पिकलेले घट्ट भिंग सुईच्या टोकाने एकसंध खाली जाई, कच्चे मात्र फुटून डोळाभर पसरे. म्हणून थांबायचे.

ही सुई पुढे शास्त्राच्या हातून सुटून फिरत्या लोकांच्या हाती गेली. बाजाराच्या दिवशी यायचे, डोळ्यापुढे बोटे धरून "किती दिसतात?" म्हणून विचारायचे, दक्षिणा घ्यायची आणि पट्टी सुटण्यापूर्वी पुढचे गाव गाठायचे, असा तो धंदा. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासच्या नेत्ररुग्णालयातील एलियट नावाच्या इंग्रज डॉक्टराने असे शेकडो डोळे तपासून त्यावर पुस्तक लिहिले. आठवड्याभराच्या उजेडानंतर डोळा पिकून किंवा आतला दाब वाढून कायमचा गेल्याची उदाहरणे त्यात ढिगाने आहेत. सुईवाल्याला आपली चूक कधी दिसलीच नाही, कारण तो पुन्हा त्या गावी फिरकला नाही.

या पार्श्वभूमीवर आपल्याच भाषेच्या एका राजाचे नाव मला आदराने घ्यावेसे वाटते. तंजावरचे दुसरे सरफोजी भोसले 1798 साली गादीवर बसले. पुढल्याच वर्षी राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला आणि राजाच्या हाती किल्ला तेवढा उरला. दुसरा एखादा शिकारीत आणि नाचगाण्यात बुडाला असता. सरफोजींनी सरस्वती महालात ग्रंथ जमवले, धन्वंतरी महालात औषधे सिद्ध करविली आणि नेत्ररोग्यांवर उपचार चालविले. त्या रोग्यांची टिपणे आजही तंजावरात जतन केलेली आहेत. रोगी कोण, तक्रार काय आणि उपचार कोणता, हे लिहून त्यासोबत त्या डोळ्याचे रंगीत चित्र काढलेले. राजा असून रोग्याची नोंद ठेवावी ही गोष्ट मला त्याच्या तलवारीपेक्षा मोठी वाटते. आम्ही युनियनवाले नोंदीची किंमत जाणतो. हजेरीपुस्तक नसेल तर कोर्टात मजूर मजूरच ठरत नाही!

परंतु सरफोजींच्या चित्रकाराला बाहुलीच्या मागे काय आहे ते काढता आले नाही. जिवंत माणसाचा पडदा त्या काळी कोणालाच दिसत नसे. 1832 साली सरफोजी वारले. त्यानंतर 19 वर्षांनी, 1851 मध्ये, जर्मनीच्या हेल्महोल्ट्झने एक लहानसे उपकरण प्रसिद्ध केले. उजेड डोळ्यात टाकायचा आणि त्याच वाटेने आत पाहायचे. बाहुलीतला काळोख पहिल्यांदा उजळला तो तेव्हा.

दरम्यान मोतीबिंदूची कथा झपाट्याने पुढे गेली. फ्रान्सच्या दाव्हिएलने भिंग ढकलण्याऐवजी छेद घेऊन बाहेर काढले आणि 1753 मध्ये आपली रीत छापली. 1884 मध्ये व्हिएन्नाच्या कोलरने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर केला. जालंधरला कर्नल स्मिथ या अधिकाऱ्याने पिशवीसकट भिंग काढण्याची रीत हजारोंवर चालविली आणि कच्च्या मोतीबिंदूलाही हात घातला. "पिकू द्या"चा पाया हलला तो इथे. 1949 मध्ये लंडनच्या रिडलीने डोळ्यात कृत्रिम भिंग बसविले. 1992 पासून मदुराईच्या अरविंद संस्थेच्या कारखान्याने तेच भिंग गरिबाला परवडेल अशा किमतीत बनविले. 1967 मध्ये केलमनने भिंग ध्वनिलहरींनी फोडून शोषून घेण्याची युक्ती काढली. आता तर फार पिकलेला मोतीबिंदूच सर्जनला जड जातो.

आपल्या मराठवाड्यानेही यात हात लावला आहे. लातूर जिल्ह्यातल्या माकेगावच्या शेतकरी घरातले डॉ. तात्याराव लहाने अंबाजोगाईच्या सरकारी महाविद्यालयात आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात राबले. आनंदवनासारख्या ठिकाणी त्यांनी शिबिरे घेतली. 2008 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 1976 मध्ये अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. 1994 पासून जागतिक बँकेच्या पैशाने सात राज्यांत मोतीबिंदूची जी मोठी मोहीम चालली तीत महाराष्ट्र होता. लाखो म्हाताऱ्यांना नातवंडांची तोंडे दिसली. यात कोणी खोट काढू नये.

मी मात्र एक गोष्ट पाहतो. ही सारी व्यवस्था उभी राहिली ती वाट पाहणाऱ्या रोगावर. मोतीबिंदू वर्षभर थांबतो. पेरणी उरकू देतो, लग्नसराई उरकू देतो, शिबिराची तारीख जाहीर होऊ देतो. उद्दिष्टेही शस्त्रक्रियांच्या संख्येत मोजली गेली. पडद्याचा रोग थांबत नाही, आणि आरंभी दुखत नाही की दिसेनासेही होत नाही.

सुटलेला पडदा एके काळी असाध्यच होता. रोग्याला आठवडेच्या आठवडे हालचाल न करता निजवीत. स्वित्झर्लंडच्या गोनँने 1920 च्या सुमारास दाखविले की पडद्याला आधी छिद्र पडते, ते नेमके शोधून डागले तर पडदा पुन्हा चिकटतो. जगातल्या बड्या मंडळींना हे पटायला दहा वर्षे लागली. 9 जुलै 1945 ला युरोपात सूर्यग्रहण झाले. उघड्या डोळ्यांनी ते पाहणाऱ्यांचे पडदे भाजले. आपल्याकडे आजी ग्रहण पाहू देत नसे, तिचे म्हणणे एवढ्यापुरते खरेच होते. पण जर्मनीच्या मायर-श्विकेराथच्या मनात त्या भाजण्यावरून वेगळाच विचार आला. उजेड जर पडदा भाजतो, तर आपल्याला हवे तिथे, हवे तेवढेच भाजता येणार नाही काय? छपरावर आरसे मांडून त्याने सूर्याचा किरण रोग्याच्या डोळ्यात उतरविला. पुढे दिवा आला, त्यानंतर लेसर. 1976 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीतून सिद्ध झाले की, मधुमेहाने पोखरलेल्या पडद्यावर वेळेत लेसर दिला तर दृष्टी जाण्याचे प्रमाण निम्म्याहून खाली येते. 1970 मध्ये माखेमरने डोळ्यातला गढूळ द्रव काढून पडदा सोडविण्याची रीत काढली. 2005 नंतर आतड्याच्या कर्करोगावरचे औषध थोडे थोडे वाटून डोळ्यात टोचू लागले, म्हणून महागड्या इंजेक्शनाला गरिबाचा पर्याय मिळाला.

उपाय आहेत, सारे काही वेळेत पोचण्यावर अवलंबून आहे. त्यासाठी मधुमेह्याने, छान दिसत असतानाच, वर्षातून एकदा बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा दाखवायचा. पण थेंब घातले की काही तास धूसर दिसते, म्हणजे हमालाचा एक रोज बुडाला. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात एका डोळ्याची दृष्टी गेली तर कमाईची 30 टक्के हानी, डोळाच गेला तर 40 टक्के, असा हिशेब लिहिलेला होता. अपघाताचा डोळा त्या कोष्टकात बसे. साखरेने गेलेल्या डोळ्याला तिथे घर नव्हते, आणि तो वाचविण्यासाठी बुडणाऱ्या रोजाला तर कुठेच नाही.

पोखर्णीच्या त्या हमालाचा धाकटा भाऊही मोंढ्यातच आहे, आणि त्यालाही साखर आहे. वर्गणीतून त्याचा रोज भरून देऊन गेल्या हिवाळ्यात मी त्याला तपासणीला नेले. पडद्यावर ठिपके निघाले. दोन खेपांत लेसर झाला. भर दुपारी डोळ्यांवर उपरणे धरून तो माझ्याबरोबर स्टेशनवर आला. गाडीला अवकाश होता. बाकावर बसल्यावर त्याने हळूच विचारले, "ते समदं ठीक हाय भाऊ. पण मोती कधी पिकंल म्हणले डॉक्टर?"