शिपायाचें घर आणि सावकाराचा कागद

रोमच्या इतिहासांत लिव्हीनें एक प्रसंग सांगितला आहे. ख्रिस्तपूर्व ४९५ च्या सुमारास अंगावर जखमांचे व्रण असलेला एक वृद्ध मनुष्य नगराच्या चौकांत येऊन उभा राहिला. तो सेबाइन लोकांशीं लढावयास गेला असतां शत्रूनें त्याचें शेत जाळलें, गुरें नेलीं. त्यांतच कर भरण्यासाठीं त्यास कर्ज काढावें लागलें, आणि व्याजापायीं वडिलार्जित जमीन, मग उरलेली चीजवस्त व अखेरीस त्याचा देहही सावकाराच्या हातीं गेला. लोक खवळले. इतक्यांत व्होल्सियन शत्रु चालून येत असल्याची वार्ता आली. परंतु कोणी सैन्यांत नांव घालीना. तेव्हां सर्व्हिलियस नांवाच्या कॉन्सलानें जाहीर केलें, कीं शिपाई छावणींत असेल तोंवर कोणीं त्याची मालमत्ता ताब्यांत घेऊं नये वा विकूं नये, व त्याच्या मुलांनातवांस त्रास देऊं नये. लोक लढले, जिंकले. आणि परत आल्यावर दुसरा कॉन्सल अ‍ॅपियस क्लॉडियस यानें त्याच ऋणकोंना पुनः सावकारांच्या स्वाधीन केलें.

रणांगणावर गेलेल्या मनुष्याचें घर कोणीं राखावयाचें, हा प्रश्न इतका जुना आहे. अर्वाचीन काळीं त्याचें फार सविस्तर उत्तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं शोधिलें. तेथील यादवी युद्धांत कांहीं संस्थानांनीं शिपायांवरील दावे सरसकट तहकूब केले होते. उपाय सोपा खरा, पण अविचारी. कारण ज्याची ऐपत शाबूत आहे असा शिपाईही त्यामुळें देणें चुकवूं शके, आणि धनकोलाही संसार असतो. म्हणून पहिल्या महायुद्धांत जॉन विग्मोर या कायदेपंडितानें निराळें तत्त्व धरिलें. ८ मार्च १९१८ रोजीं मंजूर झालेल्या कायद्यानें न्यायाधीशावर एक प्रश्न सोंपविला: सैन्यांत गेल्यामुळें या मनुष्याची कर्ज फेडण्याची शक्ति खरोखर क्षीण झाली आहे काय? झाली असेल तर मुदत द्यावी. नसेल तर त्यानें देणें द्यावें.

हा कायदा युद्धाबरोबर संपला. १९४० सालीं सक्तीची सैन्यभरती सुरू होतांच, १७ ऑक्टोबर रोजीं, तो पुनः करण्यांत आला. परंतु दावा थांबला तरी व्याज थांबत नाहीं, हें लवकरच ध्यानांत आलें. म्हणून १९४२ मध्यें सेवेपूर्वीं काढलेल्या कर्जावर शेंकडा ६ हून अधिक व्याज आकारूं नये, असें ठरलें. २००३ च्या नव्या कायद्यानें आणखी स्पष्ट केलें, कीं ६ टक्क्यांवरील व्याज पुढें ढकलावयाचें नसून माफच समजावयाचें, आणि हप्ताही त्या मानानें उतरवावयाचा. तेथील अनेक संस्थानांत गहाणखतांतील अधिकारानें न्यायालयांत न जातांच घर विकतां येतें. सेवेपूर्वींच्या गहाणास ही वाट बंद झाली: शिपायानें लेखी संमति दिली नसेल तर न्यायालयाच्या हुकुमावांचून झालेली विक्री रद्द ठरते.

परत आल्यानंतर काय, या रोमन प्रश्नाचें उत्तर मात्र फार सावकाश मिळालें. २००३ च्या कायद्यांत घराच्या विक्रीविरुद्ध हें संरक्षण सेवेनंतर अवघे ९० दिवस होतें. २००८ मध्यें घरांच्या कर्जांचा मोठा घोटाळा माजला, तेव्हां तें ९ महिने झालें. २०१२ च्या कायद्यानें एक वर्ष झालें, तेंही तात्पुरतें. आणि २०१८ सालीं तें वर्ष कायमचें झालें. गणवेष उतरला म्हणजे विस्कटलेला धंदा त्याच दिवशीं सावरत नाहीं, एवढी साधी गोष्ट कायद्यांत कायमची लिहावयास इतकीं वर्षें लागलीं.

शिवाय व्याजाची सवलत आपोआप मिळत नाहीं. शिपायानें लेखी मागणी करून आज्ञापत्राची नक्कल धनकोकडे पाठवावी लागते. सेवा संपल्यावर १८० दिवसांपर्यंत ती पाठवितां येते. आणि कायदा असूनही तो मोडला जातो. २०११ च्या मे महिन्यांत, शिपायांचीं घरें बेकायदा विकल्याच्या आरोपावरून, दोन कर्जसंस्थांनीं मिळून २ कोटी २० लाख डॉलरांहून अधिक भरपाई देण्याचें मान्य केलें.

ही कथा आपल्यापासून दूरची नाहीं. २९ एप्रिल १९१६ रोजीं कूत-अल्‌-अमारा पडलें, तेव्हां शत्रूच्या हातीं सांपडलेल्या सैन्यांत मराठा पलटणीही होत्या. अशा शिपायावर गांवीं दावा लागला तर उत्तर कोणीं द्यावें? त्या युद्धाच्या अनुभवांतून हिंदुस्थानांतही कायदे झाले, व ते १९२५ च्या इंडियन सोल्जर्स लिटिगेशन अ‍ॅक्टांत एकत्र आले. शिपाई विशेष परिस्थितींत सेवेवर असेल तर न्यायालयानें काम तहकूब करावें, आणि त्याच्या गैरहजेरींत झालेला हुकूमनामा रद्द करण्याचा मार्ग मोकळा असावा, अशी त्यांत तरतूद होती. व्याजास मात्र त्या कायद्यानें हात लावला नाहीं. तारीख पुढें गेली, तरी सावकाराच्या वहींतील आंकडा वाढतच राही.

युद्धाच्या आरंभीं सर्व्हिलियस बोलतो, ही गोष्ट सर्व राष्ट्रांत घडते. त्या वेळीं शिपायाची गरज असते. राष्ट्राची खरी परीक्षा युद्ध संपल्यानंतर, अ‍ॅपियसाची पाळी येते तेव्हां होते, असें आम्हांस वाटतें.