चाकोरी: शर्यतीच्या वाटेचा इतिहास

१/ चाकोरीत अडकणे आपण कमीपणाचे मानतो. शर्यतीच्या मैदानावर मात्र उत्तम चाकोरीसाठी माणसे घाम गाळतात. आजचा धागा धावणाऱ्यांविषयी नाही, त्यांच्या पायाखालच्या वाटेविषयी आहे.

२/ आधी खेळण्यातले उदाहरण. फ्रेड फ्रान्सिस या इंग्रज उद्योजकाच्या ‘स्केलेक्स्ट्रिक’ या विजेच्या मोटारी १९५७ साली हॅरोगेटच्या खेळणी-प्रदर्शनात अवतरल्या. मार्गातली खाच मोटारीला दिशा देते. खाचेलगतच्या धातूच्या पट्ट्या वीज पुरवतात. नव्याने घडवलेल्या लाकडी मार्गावर चाके घसरतात. धूळ पुसून पुष्कळ फेऱ्या मारल्या, टायरच्या रबराचा पातळ थर बसला, की पकड येते. मार्ग सुतार घडवतो. तो मुरवतात चाकेच.

३/ आपल्या मातीतली शर्यतीची वाटही अशीच घडवावी लागते. सातारा-सांगलीकडे छकडे शेजारी-शेजारी पळतात. प्रत्येकाच्या पट्टीला ‘तास’ म्हणतात; नांगराने पडणाऱ्या सरळ ओळीचेही तेच नाव. खेड-जुन्नर-आंबेगावकडे चढणीचा ‘घाट’ असतो. तेथे गाडा एकटा धावतो आणि निकाल सेकंदांवर लागतो.

४/ वाट तयार करायची म्हणजे दगड वेचायचे, खड्डे बुजवायचे, माती सारखी करायची, पाणी मारून धूळ बसवायची. वेचायचा राहिलेला एक दगड बैलाचा पाय जायबंदी करू शकतो. एक तास भुसभुशीत आणि दुसरा घट्ट राहिला, तर निकाल बैल ठरवत नाहीत, जमीन ठरवते.

५/ प्राण्यांच्या छळाच्या प्रश्नावरून ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. पुढे २०१७ च्या राज्य नियमांनी वाटेलाही अटी घातल्या: अंतर १००० मीटरच्या आत, तीव्र उताराची, खडकाळ वा चिखलाची जागा वर्ज्य, सार्वजनिक रस्ताही वर्ज्य. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींसह परवानगी दिली. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला.

६/ हे नियम आमच्या जामसंड्याच्या सड्यावरून वाचले की त्यांचा अर्थ चटकन कळतो. येथे जांभा खडक. हापूसचे कलम लावायचे तरी कातळ फोडून खड्ड्यात माती भरावी लागते. असा उघडा कातळ बैलांच्या खुरांखाली देणे म्हणजे शर्यतीआधीच त्यांना हरवणे.

७/ पुढच्या जत्रेत मैदानावर गेलात, तर शर्यत सुरू होण्याआधी कडेने चालत जाऊन वाट पाहा. आयोजकांना बैलांची किती काळजी आहे, ते तेथेच दिसेल. तुमच्या भागात या वाटेला काय म्हणतात? जरूर लिहा.