तळटीप : शिमग्यातील पालखी

पालखी नाचवणे : लेखकाने हा उल्लेख अर्ध्या वाक्यात उरकला आहे; कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक वाटते. फाल्गुनात, शिमग्याच्या दिवसांत, रत्नागिरी जिल्ह्यात गावोगावी ग्रामदेवतेची रूपे, म्हणजे मुखवटे, लावलेली पालखी देवळाबाहेर पडते आणि सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या जागेवर, येऊन बसते. ढोल-ताशांचा ठेका चढला की गावकरी ती खांद्यावर, कधी डोक्यावर घेऊन नाचवतात. दांडीची दोन टोके वेगवेगळ्या माणसांकडे असल्याने गिरकी घेताना एकाचा पाय चुकला तर सगळ्यांचाच तोल जातो. हे कसब लहानपणापासून बघत-बघतच अंगी येते. काही ठिकाणी जमिनीत पुरलेला नारळ पालखीने शोधायचा असतो. त्याला खुणा काढणे म्हणतात. पुढे पालखी वाडीवाडीतून घरोघर जाते, अंगणात नाचते, सुवासिनी देवीची ओटी भरतात. एरवी कुलूप असलेली घरेही या दिवसांत उघडतात, कारण देव दारात येणार म्हणून मुंबईचे चाकरमानी आवर्जून गाव गाठतात.

अलीकडे शहरांतल्या रंगमंचांवरही पालखीनृत्य होते. त्यात कसब दिसते, हे खरे. पण पालखी कुठून निघणार, कोणाच्या अंगणात आधी थांबणार, हे गावच्या मानपानाने आणि वाटांनी ठरलेले असते. तो नाच त्या गावाबाहेर पुरता होऊच शकत नाही. वाचकांनी तो गावातच पाहावा. पालखीचे दिवस गावागणिक वेगळे असतात, तेव्हा आधी चौकशी करून जावे. — संपादक