टाके, टँक आणि तलाव

भंडारा जिल्ह्याचे १९०८ सालचे इंग्रजी गॅझेटियर वाचताना 'टँक' हा शब्द वारंवार भेटतो. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्यातच होता. तो वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. गॅझेटियरकर्त्याच्या मनात या शब्दाने जे चित्र उभे राहत होते ते असे : दोन टेकड्यांच्या मधली खिंड मातीच्या बांधाने अडवलेली, पाठीमागे पसरलेले पाणी, पुढे धानाची बांधी. नवेगावबांधचा जलाशय या अर्थाने 'टँक' होता. लंडनमधल्या वाचकाला मात्र तोवर या शब्दाने बहुधा लोखंडाची पेटीच आठवत असावी. एकाच भाषेतील एकाच शब्दाचे हे दोन अर्थ कसे झाले, याची हकीकत आपल्या अंगणातून सुरू होते.

इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकाच्या आरंभी आला तो हिंदुस्थानातील जलाशयांची वर्णने करणाऱ्या प्रवाशांकडून. कोशकारांनी त्याच्या दोन मुळांची नोंद केली आहे. एक, गुजराती-मराठीतील 'टांकें'. दुसरे, पोर्तुगीजांचा 'तांक', ज्याचे नाते लॅटिन 'स्टॅग्नम'शी, म्हणजे साचलेल्या पाण्याशी जोडले जाते. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशाने या दोन्ही बाजूंची चर्चा केली आहे. दोन परक्या भाषांतील सारखे वाटणारे शब्द पश्चिम किनाऱ्यावर एकमेकांना भेटले आणि इंग्रजाने दोघांचे मिळून एकच नाणे पाडले, असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते. एकच बाप शोधण्याचा हट्ट व्युत्पत्तिशास्त्रात नेहमी फळतोच असे नाही.

पण मराठीतले 'टाके' म्हणजे तलाव नव्हे, हे येथे लक्षात घ्यायला हवे. टाके गडावर असते, लेण्यात असते. ते कातळात खोदलेले असते. दगड घडवणारी टाकी आणि हे टाके यांचे नाते कानालाही कळते. याउलट झाडीपट्टीतला तलाव खोदलेला नसतो, तो बांधलेला असतो. म्हणून गावाच्या नावातच 'बांध' येतो, आणि शेतालगतच्या लहान तळ्याला लोक 'बोडी' म्हणतात. पश्चिमेकडचा खोदलेल्या पाण्याचा शब्द सरकारी इंग्रजीने पूर्वेकडच्या बांधलेल्या पाण्याला चिकटवला. शब्दाची पहिली फसगत ही.

दुसरी इंग्लंडात झाली. तेथे उन्हाळ्यासाठी पाऊस साठवण्याची निकड नव्हती. शब्द गेला, पण त्याच्याभोवतीचा भूगोल बरोबर गेला नाही. हौद, मग जहाजावरची पाण्याची पेटी, मग आगगाडीच्या इंजिनावरची, असा तो आकसत गेला. आकाश, काठ, पाणलोट सारे गळून 'भांडे' एवढाच अर्थ उरला.

याचा सर्वांत बोलका पुरावा युद्धाने दिला. १९१५ च्या डिसेंबरात एका गुप्त चिलखती वाहनाला खोटे नाव हवे होते. पाणी वाहून नेण्याच्या पेट्या तयार होत आहेत असा समज पसरवायचा होता. अर्नेस्ट स्विंटन या अधिकाऱ्याने पुढे आठवणींत लिहिले आहे की 'रिझर्व्हायर' आणि 'सिस्टर्न' हे शब्दही विचारात घेऊन बाजूला टाकले गेले आणि आखूड म्हणून 'टँक' पसंत पडला. आपल्या दृष्टीने गंमत अशी की नाकारलेल्या या दोन शब्दांपैकी एकाचा अर्थ जवळपास आपला तलाव, दुसऱ्याचा जवळपास आपले टाके. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणभूमीवर ही यंत्रे प्रथम उतरली आणि टोपणनावच खरे नाव झाले. मराठीने त्यासाठी 'रणगाडा' असा स्वतःचा शब्द घडवला, हे बरे केले.

त्याच १९१६ साली लंडनहून रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातिजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजावर स्वतंत्र नोंद आहे. गोंड राजांच्या आश्रयाने हा समाज येथे आला आणि त्याने धान-उसासाठी तलाव उभारले, अशी परंपरा सांगितली जाते. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांचा, अशीही. त्या वर्षी लंडनच्या वृत्तपत्रांत 'टँक' हा शब्द गाजत होता तो चिखलातून रांगणाऱ्या तोफांसाठी, आणि त्याच शहरात छापलेल्या पुस्तकात तो धानाला पाणी देत होता.

यानंतर शब्द घरी परतला, पण ओळखू न येण्याइतका बदलून. गच्चीवरची प्लॅस्टिकची टाकी, मोटारसायकलची टाकी, उन्हाळ्यातला टँकर. 'थिंक टँक'मध्ये तर पाणीच नाही. या परतीच्या शब्दांवर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो भांड्याच्या कल्पनेवर, कारण ती शब्दाबरोबर कार्यालयातही आली.

गावाच्या भाषेत तलाव म्हणजे अनेक भागांचा व्यवहार होता. पाणी सोडण्याचे तुडूम, जादा पाणी जाण्याचे सलंग, शेतोशेती पाणी वाटणारा पाणकर. ढिवरांची मासेमारी, शिंगाडे, उतरत्या पाण्याबरोबर उघडा पडणारा काठ. कोणाचा हक्क किती, हे वाजिब-उल-अर्जमध्ये नोंदले जाई. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, ३१ मार्च १९५१ पासून हक्क सरकारकडे गेले. मालगुजारीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तीत वेठही होती, उतरंडही. पण नव्या नोंदवहीत जे उरले ते मुख्यतः क्षमता आणि सिंचनक्षेत्र, म्हणजे भांड्याची मापे. तलाव हे भांडेच असेल, तर यंत्र लावून तळ खरवडणे ही साधी डागडुजी ठरते. गाळ पूर्वीही काढत आणि बैलगाडीने शेतात नेत. परंतु उथळ काठ एकदा उभा कापला गेला की तेथील वनस्पती, त्यात अंडी घालणारे मासे आणि चरणारे पक्षी यांची जागाच जाते. मारुती चितमपल्ली यांच्या 'नवेगावबांधचे दिवस'सारख्या लेखनाचे मोल मला यासाठी वाटते. वनाधिकारी असूनही त्यांनी कार्यालयाचे नव्हे, काठावरच्या माणसांचे शब्द उचलले.

कार्यालयाने मात्र एक शब्द नकळत मराठीला दिला आहे. 'माजी मालगुजारी तलाव' हे लांबलचक नाव कागदावर 'मा. मा. तलाव' झाले आणि बोलण्यात 'मामा तलाव'. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक मामा आहेत. मालगुजार कोण होता हे ठाऊक नसलेल्या विद्यार्थ्याने हा नेमका कोणाचा मामा असे विचारले, तर शिक्षकाने फारसीपासून सुरुवात करावी.