रेघोट्यांचा इतिहास

बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाच्या हाती पेन्सिल देऊ नये. तो आधी खूण करतो आणि मग विचार करतो. माझ्या हाती तर गेल्या मे महिन्यात पेन्सिलच काय, बाण, कोनमापक, घड्याळ आणि सात रंग एकदम आले!

झालं असं. आमचे चिरंजीव, वय वर्षं तेरा, क्रिकेटच्या शिबिराला जातात. तिथले सर मॅचचं मोबाइलवर चित्रण करून पालकांना पाठवतात. मी ते सौ.ला दाखवायचो, ती 'छान' म्हणायची आणि कुकरकडे वळायची. पण एके दिवशी शेजारच्या काउंटरवरच्या मित्रानं सांगितलं, "अरे, किनोव्हिया नावाचं सॉफ्टवेअर आहे. खेळ हवा तिथं थांबवायचा आणि चित्रावर रेघा मारायच्या. फुकट आहे!" यातलं शेवटचं वाक्य बी. कॉम. झालेल्या माणसाला पुरे असतं.

त्या रात्री मी चिरंजीवांच्या बॅटिंगचं ऑडिट केलं. गडी तीन रनांवर बोल्ड झाला होता. चित्र थांबवून मी पायाशी लाल फुली मारली, डोक्याला निळा बाण लावला आणि कोपराचा कोन मोजला. तो निघाला १२८ अंश. किती असायला हवा हे मला ठाऊक नव्हतं, पण १२८ हा आकडा गंभीर दिसत होता. कॅमेरा तिरका असला तर असा मोजलेला कोन खोटा निघतो, हे मागाहून कळलं. अशा वेळी पडद्यावरच्या कोनाचा हातातल्या कोनाशी तेवढाच संबंध असतो, जेवढा बँकेच्या जाहिरातीतल्या हसऱ्या कारकुनाचा माझ्याशी असतो.

एकूण सात चुका निघाल्या. मी अभिमानानं चिरंजीवांना बोलावलं. त्यांनी पाहिलं, काही बोलले नाहीत, आत गेले आणि बॅट कपाटामागे ठेवून आले.

"बाबा, सोमवारपासून मी जाणार नाही."

"झालं समाधान?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

गुन्हा आपला असला की माणूस त्याचं मूळ इतिहासात शोधतो. त्या रात्री झोप येईना, तेव्हा मी हे खेळावर रेघा मारण्याचं खूळ कुणी काढलं ते शोधत बसलो.

सगळ्यात आधी भेटला तो सिडनीचा बिल फर्ग्युसन. नोकरीला कंटाळलेला हा माणूस. ऑस्ट्रेलियाच्या संघाबरोबर इंग्लंडला जायची त्याला इच्छा. संघातला माँटी नोबल हा पेशानं दंतवैद्य. फर्ग्युसननं त्याच्याकडे दातांची कामं करून घेता घेता ओळख वाढवली आणि १९०५ साली स्कोअरर म्हणून जहाजात बसला. (आमच्याकडे बदलीसाठी लोक काय काय करतात, पण दाढेवर अजून कुणी गेलेलं नाही.) संघाचं सामानही त्यानंच सांभाळायचं. या फर्ग्युसननं नुसते आकडे न लिहिता, बॅट्समननं कुठला फटका कुठं मारला त्याच्या रेघा काढायला सुरुवात केली. खेळपट्टीपासून चहूकडे फुटलेल्या त्या रेघा गाडीच्या चाकासारख्या दिसतात, म्हणून आजही टीव्हीवर त्यांना वॅगन व्हील म्हणतात. म्हणजे या विद्येचा मूळपुरुष वह्या भरणारा निघाला. मला जरा बरं वाटलं.

पुढचा पुरुष मात्र भयंकर. लिओनार्ड रायफेल, अमेरिकन पदार्थवैज्ञानिक. १९५८ च्या सुमारास अमेरिकेच्या हवाईदलाला चंद्रावर अणुबाँब फोडता येईल का, याचा गुप्त अभ्यास या गृहस्थानं केला होता. सुदैवानं तो बेत कागदावरच राहिला. हेच गृहस्थ शिकागोच्या टीव्हीवर विज्ञानाचे कार्यक्रम करत. चित्रातली वस्तू बोटानं दाखवावी तर हात आड येतो, म्हणून त्यांनी पडद्यावर पेनानं लिहिलेलं थेट प्रेक्षकाच्या चित्रावर उमटेल असं यंत्र केलं. त्याचं नाव टेलिस्ट्रेटर.

पण पळत्या खेळावर रेघ मारणार कुठं? खेळ आधी थांबायला हवा, नाहीतर मागे तरी जायला हवा. ती सोय ७ डिसेंबर १९६३ ला टोनी व्हर्ना यानं केली. लष्कर विरुद्ध नौदल अशा फुटबॉलच्या सामन्यात त्यानं नुकताच झालेला स्कोअर टेपवरून लगेच पुन्हा दाखवला. हा अमेरिकन फुटबॉल, म्हणजे जो बहुतेक वेळ हातानंच खेळतात तो.

पेन आणि रिप्ले यांचं लग्न खरं गाजलं ते २४ जानेवारी १९८२ ला, त्या खेळाच्या सुपर बोल नावाच्या अंतिम सामन्यात. वरपक्षाकडून जॉन मॅडेन, जुना प्रशिक्षक, धिप्पाड आणि बोलघेवडा. समालोचन करता करता हा पडद्यावर फराटे ओढायचा. आणि गंमत बघा, सगळं जग चेंडूमागे धावत असताना मॅडेनचं पेन पुष्कळदा जायचं ते लाइनमनकडे. लाइनमन म्हणजे पुढच्या रांगेतले जाडजूड गडी. त्यांनी समोरच्याला अंगानं रेटून धरायचं, चेंडू मात्र हाती जवळजवळ कधीच यायचा नाही. त्यांनी रेटलं नाही तर मागचा हिरो एक पाऊल टाकू शकत नाही, हे मॅडेननं गोल काढून काढून घराघरांत पोचवलं.

इथं मी थांबलो. खेळात काउंटरवरची माणसंही असतात तर!

दुसऱ्या दिवशी, रविवारी रात्री, सरांकडून त्याच मॅचचा एक छोटा तुकडा आला. त्यात आमच्या चिरंजीवांची बॅटिंग नव्हतीच. फील्डिंग होती. सीमारेषेवरून थ्रो येतोय, सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. सरांनी तिथंच चित्र थांबवलं होतं, बाकीचं मैदान अंधुक केलं होतं आणि पार कडेला एका बारक्या आकृतीभोवती पिवळा गोल काढला होता. थ्रो सुटायच्या आधीच तो पोरगा कव्हरवरून धावत स्टंपच्या मागे निघाला होता. कीपरच्या हातून चेंडू निसटला आणि थेट या पोराच्या हातात गेला. खाली सरांनी एवढंच लिहिलं होतं : 'चार रन वाचवले.'

हे चार रन स्कोअरबुकात कुठंच नसतात. फर्ग्युसनच्या चाकालाही त्यांची रेघ नाही. मी हीच मॅच चार वेळा पाहिली होती आणि तो पोरगा माझ्या घरचा असून मला दिसला नव्हता. मी बोल्ड शोधत होतो ना!

चिरंजीवांनी तो तुकडा पाहिला. पुन्हा पाहिला. मग अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाले, "आई, माझी पांढरी पँट धुतलीय का?"

मी माझी सात चुकांची फाइल बंद केली. बदल जतन करायचे का, असं सॉफ्टवेअरनं विचारलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच मी केलेलं ऑडिट स्वतःच्या हातानं रद्द केलं.

आमच्या शाखेतही छताला कॅमेरा आहे. कॅश कमी भरली तरच ते चित्रण काढतात. ज्या दिवशी पैसा न् पैसा जुळतो त्या दिवसाचं कुणी बघत नाही. तरी हल्ली मी त्याच्याखाली जरा ताठ बसतो. न जाणो, एखादा मॅडेन आमच्या हेड ऑफिसातही असायचा!